चार वाक्यांचे सर

आठवीच्या पहिल्या तासाला सर वर्गात आले, फळ्याकडं न बघता सरळ खिडकीपाशी गेले आणि म्हणाले, "गप्प बसा आणि ऐका."

शाळेमागच्या गल्लीत नळाला पाणी आलं होतं. आमच्या सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळं ज्या दिवशी येतं त्या दिवशी अख्ख्या गल्लीला कंठ फुटतो. एक बाई दारातून विचारत होती, "पाणी आलं?" दुसरी सांगत होती, "पाणी आलं." तिसरी घरातल्या कुणाला तरी हुकूम सोडत होती, "घागर आण." आणि एक म्हातारी आपल्या नळाकडं बघून म्हणत होती, "अगंबाई, आज केवढी धार आहे!"

सर आमच्याकडं वळले. "झालं," म्हणाले. "इंग्रजीतसुद्धा एवढंच आहे. माणूस सांगतो, विचारतो, हुकूम करतो, नाहीतर चकित होतो. पाचवं काही त्याला येत नाही. आता पुस्तक उघडा."

आज मी न्यायालयात दुभाष्याचं काम करते. तेलुगू, मराठी आणि थोडी कानडी बोलणारे साक्षीदार समोर उभे राहतात आणि त्यांचं बोलणं मी इंग्रजीत उतरवते. माणूस सांगतोय की विचारतोय, एवढं जरी कळलं नाही तरी कुणाचं तरी आयुष्य इकडचं तिकडं होऊ शकतं. माझ्या कामाचं कुणी कौतुक केलं की मला त्या खिडकीपाशी उभे असलेले सर दिसतात. उंच, काटकुळे, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे आणि भर एप्रिल महिन्यातही मनगटापर्यंत बटण लावलेला पांढरा शर्ट.

सर वळसंगचे. घरी कानडी. रोज एसटीनं शाळेत यायचे. आमची शाळा मराठी माध्यमाची, पण वर्गातली निम्म्याहून जास्त मुलं आमच्यासारखी विणकरांची, म्हणजे घरी तेलुगू. मागच्या दोन बाकांवरच्या मुली आपसात दखनी उर्दू बोलायच्या. अशा वर्गात कानडी माणूस मराठीतून इंग्रजी शिकवायचा. सर म्हणायचे, "इंग्रजी इथं कुणाच्याच बापाची नाही. त्यामुळं भांडण नाही. सगळे एकाच रांगेत."

दर बुधवारी त्यांचा नेम असायचा. त्या दिवशी ते एकाच प्रकारच्या वाक्यात बोलायचे. एका बुधवारी फक्त विधानं, पुढच्या बुधवारी फक्त प्रश्न, मग फक्त आज्ञा. आम्हीही तसंच बोलायचं. चुकलं की उभं राहायचं, आणि सर चुकले तर सरांनी उभं राहायचं. ते उभेच असायचे, म्हणून त्यांच्यासाठी शिक्षा उलटी होती, त्यांनी बसायचं. दोन वर्षांत मी त्यांना एकदाच बसलेलं पाहिलं, तेही वर्गात नाही.

अशाच एका प्रश्नांच्या बुधवारी मुख्याध्यापक दारात आले. त्यांना नेमाची कल्पना नव्हती.

"सर, सहामाहीचे मार्क दिले का?"

"आज कुठला वार आहे, सर?" आमचे सर म्हणाले.

"बुधवार."

"बुधवारी मी तुम्हाला उत्तर देऊ शकतो का?"

मुख्याध्यापक गोंधळले. "अहो, पण मार्क दिलेत की नाही?"

"तुमच्या टेबलावर सकाळी निळी फाईल कुणी ठेवली?"

मुख्याध्यापक फाईल बघायला गेले. आम्ही तोंडात रुमाल कोंबून हसत होतो. सर मात्र हसले नाहीत. "तुम्हाला यात काय विनोदी वाटलं?" असं त्यांनी विचारलं, तेही प्रश्नच म्हणून.

हा नेम शाळेपुरता नव्हता. शाळेच्या वाटेवर एक खानावळ होती. तिच्या नव्या पाटीवर पेंटरनं हौसेनं एक झोकदार खूण काढली होती, 'घरपोच डबा मिळेल?' सर आत गेले आणि मालकाला म्हणाले, "मिळेल की नाही, हे तुम्हालाच माहीत नाही का?" मालक तिखट माणूस. "मास्तर, जेवायचं असंल तर बसा, न्हाईतर वाट मोकळी करा," म्हणाला. सरांनी जेवण मागवलं, जेवले, पैसे दिले, आणि जाताना पुन्हा म्हणाले, "ती खूण पुसा. तुमच्या आमटीला शोभत नाही." महिन्याभरानं खूण पुसलेली दिसली. सरांना केवढा आनंद झाला होता. वर्गात येऊन त्यांनी ती बातमी सांगितली, एखादा गड जिंकल्यासारखी.

शाळेच्या स्नेहसंमेलनाला एकदा त्यांची बायको आली होती. त्यांना आम्ही अक्का म्हणायचो. मुलींनी विचारलं, "अक्का, सर घरी पण असेच का?" अक्का कपाळावर हात मारून म्हणाल्या, "लई वर्सं झाली की बाई. मी विचारते जेवायला वाढू का, हे म्हणतात, प्रश्नार्थी."

वाक्य शिकवताना सर फळ्यापेक्षा मुलांना जास्त वापरायचे. तीन जणांना पुढं बोलवायचे, प्रत्येकाच्या हातात एकेक पाटी. 'यू', 'आर', 'रेडी'. या क्रमानं उभे राहिले की विधान. मग 'आर'ची पाटी घेतलेल्या मुलाला खांद्याला धरून 'यू'च्या पुढं आणायचे, की झाला प्रश्न. "बघा, कुणी नवीन आलं नाही, कुणी गेलं नाही. नुसती जागा बदलली, तर सांगणारा माणूस विचारणारा झाला. बोलताना एवढी नम्रता पुरते."

आज्ञार्थी वाक्य आलं की 'यू'ला वर्गातून बाहेर काढायचे. बहुतेक वेळा 'यू' मी असायची. मी वर्गात फार बोलायची नाही, म्हणून त्यांनी मला निवडलं असावं. माझी पाटी घेऊन मी दाराच्या बाहेर भिंतीला टेकून उभी राहायची. आत सर विचारायचे, "वाक्यात 'यू' दिसतो का?"

"नाही."

"मग म्हणा. शट द डोअर."

पन्नास मुलं ओरडायची, शट द डोअर. आणि बाहेर उभी असलेली मी दार लावायची.

"बघितलंत?" आतून सरांचा आवाज यायचा. "ती दिसत नाही. तिचं नाव कुणी घेतलं नाही. पण दार कुणी लावलं? हुकूम सोडणारा ऐकणाऱ्याचं नाव घेत नाही, काम मात्र त्याच्याकडूनच होतं. म्हणून माझ्या वर्गात आज्ञार्थी वाक्य लिहायच्या आधी तिथं एक छोटा रिकामा चौकोन काढायचा. त्यात तो बसलाय. त्याची जागा ठेवायची."

आणि आम्ही सगळे तो चौकोन काढायला लागलो. वहीत, पाटीवर, परीक्षेत. हाताला सवयच लागली.

त्याच सुमारास त्यांनी एक गृहपाठ दिला. एका संध्याकाळी घरी जे बोललं जातं ते ऐकायचं आणि चार रकान्यांत नुसत्या रेघा मारायच्या. भाषा कुठलीही असो. माझे वडील, म्हणजे नायना, यंत्रमागावर टॉवेल विणायचे. अम्मा घरी बसून विड्या वळायची. मी कोपऱ्यात वही घेऊन बसले. पाणी दे. ते सूप इकडं कर. धाकट्याला बघ. भात काढ. मी स्वतःही दोनदा बोलले, माझी रिबीन दे, आणि मग वही बघ. अम्माला उद्देशून बोललेल्या वाक्यांच्या सगळ्या रेघा एकाच रकान्यात गेल्या. प्रश्नाच्या रकान्यात एकही नव्हती.

सरांनी माझं पान बराच वेळ बघितलं. मग वर्गाला म्हणाले, "आज घरी जाऊन आईला एक प्रश्न विचारा. ज्याचं उत्तर तुम्हाला माहीत नाही असा."

मला सुचेना. शेवटी अम्मा सुपात तेंदूची पानं कापत बसली होती तेव्हा विचारलं, "अम्मा, विड्या वळताना तू काय विचार करतेस?"

तिचे हात थांबले नाहीत. कापता कापता म्हणाली, "मी आमच्या गावातनं चालत जाते. वेशीपासून निघते. पहिलं कुंभाराचं घर, मग विहीर, मग माझ्या मैत्रिणीचं घर. तिच्याशी दारात बोलते. विड्यांचा एक कट्टा पुरा होतो तेव्हा मी आमच्या अंगणात पोचलेली असते. मग पुन्हा वेशीपासून."

इतकी वर्षं मी त्या बाईच्या शेजारी बसून अभ्यास करत होते, आणि ती रोज इतकी चालते हे मला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी ते वर्गात सांगितलं. सर "छलो" म्हणाले. हा त्यांचा कानडी शब्द, चांगलं झालं की तोंडून निघायचा.

नववीत असताना शहरातल्या एका मोठ्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेनं सगळ्या शाळांसाठी इंग्रजीची परीक्षा ठेवली. मराठी शाळा तिकडं फिरकत नसत. सरांनी आमच्या वर्गातली अकरा मुलं बसवली. सात मुली, चार मुलगे. त्यात मी होते. पेपर देऊन आलो, विसरूनही गेलो.

तीन आठवड्यांनी आम्हा अकरा जणांना ऑफिसात बोलावलं. मुख्याध्यापकांच्या हातात इंग्रजी पत्र होतं. त्यांनी आम्हाला मराठीत अर्थ सांगितला. तुमच्या अकरा विद्यार्थ्यांनी ठरवून नक्कल केली आहे. व्याकरणाच्या प्रश्नात सगळ्यांना पैकीच्या पैकी गुण आहेत. शिवाय प्रत्येकाच्या पेपरात ठरावीक वाक्यांच्या आधी एक रिकामा चौकोन आहे, ती आपसातली खूण आहे. आठ दिवसांत लेखी माफी आली नाही तर तक्रार पुढं जाईल.

मुली रडायला लागल्या. मला रडू आलं नाही.

मुख्याध्यापक वाईट माणूस नव्हते. घाबरट होते. त्यांनी माफीचा मजकूर तयार करून ठेवला होता. "सर, सही करा आणि मिटवून टाका. मुलांची नावं बाहेर जायला नकोत."

सरांनी माफीचा कागद बाजूला सारला आणि ते पत्र हातात घेतलं. दोनदा वाचलं. मग खिशातून लाल पेन काढलं.

"यात व्याकरणाची चूक आहे," म्हणाले.

"सर, आत्ता व्याकरण?"

"आत्ताच." त्यांनी पत्र टेबलावर पसरलं आणि आम्हाला जवळ बोलावलं, रोजच्या तासासारखं. "हे वाक्य बघा. 'नक्कल केली आहे.' शेवटी काय आहे?"

कुणीतरी हुंदके देत म्हणालं, "पूर्णविराम."

"म्हणजे हे विधान झालं. विधान कोण करतो? ज्याला माहीत आहे तो. यांनी कुणाला नक्कल करताना बघितलं का? नाही. यांना शंका आली. शंका आली तर वाक्य कुठल्या प्रकारचं पाहिजे?"

"प्रश्नार्थी," आम्ही म्हणालो.

"मग शेवटी काय पाहिजे?"

"प्रश्नचिन्ह."

सरांनी त्या पूर्णविरामाभोवती लाल गोल काढला, शेजारी प्रश्नचिन्ह काढलं, आणि समासात आमच्या वहीत लिहायचे तसं लिहिलं, 'दुरुस्त करून पुन्हा लिहा.' खाली सही केली.

"हे परत पाठवा," ते म्हणाले.

मुख्याध्यापक खुर्चीत बसले. "अहो, ती केवढी मोठी शाळा आहे!"

"शाळा मोठी असली तरी वाक्य चुकलंय की."

"तुमची नोकरीची तीनच वर्षं राहिलीत. कशाला हा त्रास?"

"माझी तीन राहिलीत," सर म्हणाले. "या पोरांची साठ राहिलीत."

पत्र तसंच गेलं. बातमी मात्र त्याच्याही आधी गल्लीत पोचली. अम्मा विड्या द्यायला गेली तर बायका म्हणाल्या, "तुजी पोर पकडली म्हणं?" नायनांनी मला जेवताना तेलुगूत एकदाच विचारलं, "बघून लिहिलंस का?" मी नाही म्हटलं.  पण त्या आठवड्यात ते कारखान्याला मागच्या बोळातून जायला लागले. चौकातून गेलं तर लोक भेटतात. ते मला बघवत नव्हतं. मी काही केलं नव्हतं, आणि तरी माझ्यामुळं माझा बाप बोळातून चालला होता.

पत्र परत मिळाल्यावर त्या शाळेतून फोन आला. परीक्षेच्या प्रमुख मॅडम भयंकर चिडल्या होत्या म्हणे. शेवटी म्हणाल्या, एवढी खात्री असेल तर मुलांना घेऊन या आणि आमच्यासमोर लिहून दाखवा. सर म्हणाले, येतो.

मधल्या दिवसांत त्यांनी आमचा एकही जादा तास घेतला नाही. आम्ही मागं लागलो तेव्हा म्हणाले, "तयारी दोन वर्षं चाललीय. आता काय राहिलं? जेवा आणि झोपा."

शनिवारी सकाळी आम्ही सिटी बसनं गेलो. अक्कांनी सगळ्यांसाठी कडक भाकरी आणि शेंगाचटणी पाठवली होती. ती आम्ही त्या शाळेच्या फाटकाबाहेर उभ्यानं खाल्ली. चटणीचे हात पुसायला सरांनी स्वतःचा धोब्याकडून आणलेला रुमाल दिला. अकरा जणांनी हात पुसल्यावर तो लाल झाला. त्यांनी घडी घालून खिशात ठेवला.

आम्हाला एका मोठ्या दालनात लांब लांब बसवलं. सरांना आत यायची परवानगी नव्हती. त्यांना बाहेर व्हरांड्यापलीकडं एक खुर्ची दिली. खिडकीतून ती मला दिसत होती. सरांनी ती खुर्ची उचलली, फिरवली आणि आमच्याकडं पाठ करून बसले. सरांनी खूण केली असं उद्या कुणी म्हणायला नको, म्हणून. हळूहळू ऊन सरकत त्यांच्या अंगावर आलं. शिपाई जवळ जाऊन सावलीकडं हात दाखवत काही म्हणाला, सरांनी मान हलवली. ते हलले नाहीत. तीन तास मला फक्त ती ताठ पांढरी पाठ दिसत होती. भीती वाटली की मी तिकडं बघायची आणि पुढचं वाक्य लिहायची.

लेखी झाल्यावर तोंडी. मॅडमच्या शेजारी आणखी दोन शिक्षक बसले होते. सहावी मी होते. मॅडमनी चष्म्यावरून बघत इंग्रजीत सांगितलं, एक आज्ञार्थी वाक्य सांग.

 शट द डोअर म्हणावं तर दार उघडं होतं आणि तिथं शिपाई उभा होता. तो खरंच लावेल अशी मला भीती वाटली. मग तोंडून निघालं, "आस्क मी अनदर क्वेश्चन, मॅडम."

मॅडमच्या भुवया वर गेल्या. "आर यू गिव्हिंग मी ॲन ऑर्डर?"

"नो, मॅडम," मी म्हणाले. "आय ॲम गिव्हिंग यू ॲन एक्झाम्पल."

शेजारचे शिक्षक हसले आणि लगेच खोकले. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी माझा जुना पेपर पुढं ओढला आणि चौकोनावर बोट ठेवलं. "हे काय आहे? मराठीत सांगितलंस तरी चालेल."

मराठी म्हटल्यावर मला धीर आला. "मॅडम, त्यात 'यू' आहे. हुकूम ऐकणारा. वाक्यात त्याचं नाव येत नाही, पण काम तोच करतो. आमच्या वर्गात त्याला दाराबाहेर उभं करतात. बहुतेक वेळा मीच असते. सगळे म्हणतात दार लाव, आणि मी लावते. सर म्हणतात, तो दिसला नाही तरी त्याची जागा ठेवायची. म्हणून चौकोन."

 मॅडमनी बाकीचे दहा पेपर एकेक करून उघडले आणि चौकोन बघत गेल्या. मग पेनचं टोपण लावलं. माझ्यानंतरच्या पाच जणांची तोंडी परीक्षा घेतली, पण आवाज बदलला होता. आता त्या खरंच विचारत होत्या.

सगळं संपल्यावर त्या बाहेर सरांकडं गेल्या. सर उठून उभे राहिले. उन्हानं त्यांचा चेहरा तांबडा झाला होता.

"सर, आय ॲम सॉरी," मॅडम म्हणाल्या. "आमची चूक झाली. मी तसं पत्र पाठवते."

"पत्र पाठवा," सर म्हणाले. "पण माझी माफी नको. नक्कल मी केली असं तुम्ही लिहिलं नव्हतं. ज्यांची नावं लिहिलीत ती अकरा जणं इथं उभी आहेत."

 मला वाटलं आता मॅडम चिडणार. पण त्या आत गेल्या, यादी घेऊन आल्या आणि आमच्यासमोर उभं राहून एकेक नाव वाचलं. प्रत्येक नावानंतर सॉरी म्हणाल्या. आमची तेलुगू आडनावं त्यांच्या जिभेला वळेनात. दोन ठिकाणी अडखळल्या, मुलांनी दुरुस्त करून सांगितलं, त्यांनी पुन्हा नीट उच्चारलं. इतक्या मोठ्या शाळेच्या व्हरांड्यात आपलं पूर्ण नाव बरोबर उच्चारलं जाताना ऐकणं काय असतं, ते मी अजून कुणाला धड सांगू शकलेले नाही. निकालात पहिल्या पाचांत आमची तिघं होती. माझा नंबर चौथा. पुढच्या वर्षी त्या शाळेतल्या मुलांच्या पेपरांतही रिकामे चौकोन दिसायला लागले असं ऐकलं.

सर तीन वर्षांनी निवृत्त झाले, कसलाही त्रास न होता. आता वळसंगला शेताकडं असतात. मोबाईलवर माझा घाईघाईतला निरोप गेला की तासाभरात तो चिन्हांसकट दुरुस्त होऊन परत येतो. मी न्यायालयात लागल्याचं कळवलं तेव्हा त्यांनी लिहिलं होतं, 'तिथं लोक सांगतात त्यातलं बरंचसं विचारलेलं असतं. नीट ऐक.' या एका वाक्यावर माझी नोकरी चालली आहे.

पण त्या शनिवारनंतरचा सोमवार सांगायचा राहिला. मधल्या सुट्टीत नायना शाळेच्या फाटकाशी आले. कारखान्यातून तसेच उठून आले होते, केसांत आणि भुवयांवर सूत होतं. शाळेच्या फाटकाच्या आत ते कधी आले नव्हते, त्या दिवशीही आले नाहीत. सर स्वतः फाटकापाशी गेले. मी मागं उभी होते.

"सर," नायना म्हणाले, "मी बी तिला इचारलं हुतं, बघून लिवलंस का म्हणून. तवापासनं मनाला लागलंय."

"तुम्ही विचारलंत," सर म्हणाले. "आणि तिचं उत्तर ऐकलंत. त्यांनी न विचारताच ठरवलं. तुमचं बरोबर होतं."

नायना पायाकडं बघत राहिले. मग म्हणाले, "तितं काय झालं ते ही सांगत न्हाई. नुसती पास झाले म्हनती."

सरांनी फाटकाच्या गजावर एक हात ठेवला आणि सगळं सांगितलं. मॅडमचं बोलणं मॅडमच्या आवाजात, माझं बोलणं माझ्या आवाजात, इंग्रजी वाक्य आधी आणि मग त्याचा अर्थ. आस्क मी अनदर क्वेश्चन आलं तेव्हा नायना हसले नाहीत. त्यांनी ते पुन्हा म्हणायला लावलं. दोनदा. घंटा झाली तरी सर बोलत होते. त्यांना तासाला उशीर झालेला मी तेव्हा एकदाच पाहिला.

संध्याकाळी मी डबा द्यायला कारखान्यात गेले. आत चोवीस माग खडखडत असतात, कानाशी तोंड नेलं तरी ऐकू येत नाही. मी दारातून बघितलं तर नायना शेजारच्या मागावरच्या काकांना हातवारे करून काहीतरी सांगत होते आणि काका मान हलवत होते, कळत नाही म्हणून. नायनांनी एकदा त्यांच्याकडं बघितलं. मग हात लांब केला आणि स्वतःचा माग बंद केला. धोटा मध्येच थांबला. काकांनीही आपला बंद केला. काहीतरी बिघडलं असं वाटून बाकीच्यांनीही एकेक करत माग थांबवले.

"काय झालं? धागा तुटला व्हय?" काका म्हणाले.

"न्हाई," नायना म्हणाले. "ऐक."

पलीकडचे दोघंही इकडं आले. नायनांनी अडखळत ते इंग्रजी वाक्य म्हटलं, मग अर्थ सांगितला, मग मॅडम काय म्हणाली ते, मग पोरगी काय म्हणाली ते. तिघं सूत लागलेले हात कमरेवर ठेवून ऐकत होते. मी डबा घेऊन दारातच थांबले. सगळं सांगून झालं, काका हसत आपल्या मागाशी जाऊन उभे राहिले, तरी नायनांनी माग चालू केला नाही. ते तसेच उभे राहिले, आणखी कुणी विचारायला येतंय का ते बघत.